इंग्रजीचा वळसा टाळून

पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी परकी भाषा शिकायला निघालं की घरचे आणि शेजारचे एकच विचारतात, 'जर्मन की जपानी?' प्रश्न रास्त आहे. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे चाकणचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले, ब्रिजस्टोनचे टायर तिथेच होतात, तळेगावला आता ह्युंदाई आहे. जर्मनची एखादी परीक्षा पास झाली की बायोडेटात एक ओळ वाढते आणि कधीकधी पगारही वाढतो, हे इथल्या अप्रेंटिसलासुद्धा ठाऊक असतं. रशियनच्या मागे असा मोठा कारखाना या पट्ट्यात उभा नाही. त्यामुळे रशियनच्या पहिल्या वर्गात नाव घालणाऱ्याला 'ही कशाला?' हे ऐकावंच लागतं.

या प्रस्तावनेत नोकरीची हमी शोधणाऱ्याने ती शोधू नये. भाषेच्या वर्गांच्या जाहिराती जे सांगतात त्यातलं निम्मं मला पटत नाही. रशियनच्या बाबतीत तर तसं काही सांगणं शुद्ध फसवणूक होईल. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि त्यानंतर युरोपच्या बहुतेक मोटार कंपन्यांनी रशिया सोडला. चाकणला गाड्या बनवणाऱ्या फोक्सवॅगनचा रशियात कालुगा इथे मोठा कारखाना होता, तो २०२३ मध्ये विकला गेला. या घडामोडींकडे डोळेझाक करून 'भारत-रशिया मैत्री' एवढंच पहिल्या पानावर छापायचं, तर विद्यार्थी काही दुधखुळे नाहीत.

तरीही गरज आहे, आणि ती दिसते त्याहून जवळ आहे. रशियाहून आलेली पहिली सुखोई-३० विमानं १९९७ मध्ये हवाई दलात दाखल झाली ती पुण्याच्या लोहगाव तळावर. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. तिथे आधी मिग जुळवली गेली, पुढे सुखोई. अशा ठिकाणी मूळ कागद रशियनमध्ये येतो, आणि तो वाचणारा माणूस यंत्रही जाणणारा असला तर त्याचं मोल वेगळं असतं. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडलेले राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये अंतराळात गेले, ते आधी मॉस्कोजवळच्या तारानगरीतल्या अंतराळवीर-प्रशिक्षण केंद्रात रशियन शिकून. पुढे ते ओझरलाच चाचणी वैमानिक होते. गगनयानसाठी निवडलेले हवाई दलाचे चार अधिकारी २०२०-२१ मध्ये त्याच केंद्रात प्रशिक्षण घेऊन आले.

आणखी एक गट आहे, आणि माझ्या मते या पुस्तकाचा सर्वांत निकडीचा वाचक तोच आहे. रशियात वैद्यकीय शिक्षणाला जाणारी मराठी मुलं-मुली. तिथले वर्ग इंग्रजीत चालतात, हे खरं. भारतात मान्यता हवी असेल तर इंग्रजी माध्यम, निदान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि वर १२ महिन्यांची इंटर्नशिप, असा २०२१ चा नियमच आहे. पण वॉर्डातली आजीबाई इंग्रजी बोलत नाही. दुखतं कुठे, कधीपासून, जेवणानंतर की उपाशीपोटी, हे तिला तिच्याच भाषेत विचारावं लागतं. एजंट फीचा तक्ता देतो, वसतिगृहाचे फोटो दाखवतो. ही गोष्ट मात्र विमानात बसल्यावर कळते. जायच्या आधीचं एक वर्ष हातात असेल तर ते या भाषेला द्यावं.

ते देण्याची सोय आपल्याकडे आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. प्रमाणपत्र, पदविका अशी पायरी-पायरीने तिथे अगदी 'अ आ इ' पासून सुरुवात करता येते, आणि पुढे रशियनमध्ये एम. ए. सुद्धा. मुंबई विद्यापीठात रशियनचा स्वतंत्र विभाग आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही रशियन शिकवली जाते. पूर्वी निगडीहून डेक्कनला यायचं म्हणजे जुन्या मुंबई रस्त्यावरची कोंडी सोसायची. आता पिंपरीहून मेट्रो पकडायची, सिव्हिल कोर्टला मार्गिका बदलायची आणि डेक्कन जिमखान्याला उतरायचं. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या मधल्या वेळेत हे बसवणारे विद्यार्थी असतात. त्यांना गृहपाठ कमी द्यावा, असं माझं जुनं मत आहे, आणि ते सहकाऱ्यांना कधीच पटलेलं नाही.

रशियन इथे परकी वाटते तेवढी परकी नाही. त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. चाकणहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत आपण ज्या जुन्नरला जातो तेच हे. पाऊस लागला आणि तो तिथे अडकला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. मावळात पावसाळा काढलेल्या कुणालाही ती मनापासून पटेल. घोड्यांना इथे खिचडी शिजवून घालतात, याचंही त्याला नवल वाटलं. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणून अट घातली. एका खुरासानी अमिराने मध्यस्थी केली म्हणून घोडा सुटला. निकितीन मायदेशी परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला, पण त्याची वही राहिली. तिची रशियन मधेच तुर्की-फारसी-अरबीत घुसते आणि पुन्हा बाहेर येते. बाजारात कानावर पडेल ते उचलत गेलेल्या माणसाची ती भाषा आहे. पाठ्यपुस्तक नव्हतं, व्याकरण नव्हतं, तरी त्याचं अडलं नाही. भोसरीच्या एका शॉपफ्लोअरवर मराठवाड्याची मराठी, बिहारची हिंदी आणि सुपरवायझरची इंग्रजी एकाच दिवसात बोलणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. अण्णाभाऊ साठे यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तेव्हा त्यांनी रशिया पाहिला नव्हता. १९६१ मध्ये ते प्रत्यक्ष गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. शाळेत जेमतेम पाऊल टाकलेला हा माणूस दुभाष्याच्या आधाराने तो देश पाहून आला. २०२२ मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवला गेला. निगडीच्या पुतळ्यावरून रोज जाणाऱ्या मुलांना हे सांगितलं तर ती क्षणभर थांबतात. मग सोव्हिएत पुस्तकांचा जमाना. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची, नाममात्र किमतीची मराठी पुस्तकं साठ ते ऐंशीच्या दशकांत कामगारवस्त्यांतल्या घरांतही पोचली होती. त्यांच्या मागे अनिल हवालदार यांच्यासारखे मॉस्कोत राहून थेट रशियनमधून मराठीत आणणारे अनुवादक होते. १९९१ नंतर तो ओघ आटला. कोल्हापूरच्या मेघा पानसरे यांच्यासारखे मोजके लोक सोडले तर आज मराठीत येणारा टॉलस्टॉय किंवा चेखॉव बहुधा इंग्रजीतूनच येतो.

वर्गातही तेच होतं, आणि या पुस्तकाचं भांडण त्याच्याशी आहे. आपले विद्यार्थी रशियन शिकतात ती इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांतून. ती पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्याच्या अडचणी गृहीत धरून लिहिलेली असतात आणि अर्धा वेळ त्या सोडवण्यात घालवतात. आपल्या मुलांना त्या अडचणी नसतातच. त्यांना त्या आधी शिकाव्या लागतात आणि मग विसराव्या लागतात.

उदाहरणंच घेऊ. रशियनमध्ये 'हे घर' म्हणायला 'एता दोम' एवढे दोन शब्द पुरतात. 'आहे' लागत नाही, नामामागे कुठलं उपपद लागत नाही. इंग्रजी पुस्तक याला एक पान खर्च करतं. मराठी मुलाला त्यात काही चमत्कारिक दिसत नाही, 'हा माझा भाऊ' असं तो रोज म्हणतो. 'माझ्याकडे गाडी आहे' याला रशियन म्हणतो 'उ मिन्या येस्त माशिना'. बाळगणं दाखवणारं क्रियापद नाही, गाडी आपली आपण 'असते', माझ्याकडे. मराठीची रचना अगदी हीच. 'मला आवडतं' म्हणजे 'म्न्ये नरावित्सा', 'मला थंडी वाजते' म्हणजे 'म्न्ये खोलदना'. आवडणं, थंडी, कंटाळा, वय या साऱ्या गोष्टी दोन्ही भाषांत माणसाला 'होतात', तो त्या करत नाही. आपल्या शाळेतली चतुर्थी इथे जशीच्या तशी कामाला येते. पेन्सिलीने लिहायचं तर 'करन्दाशोम', इथे तृतीया. लिंगं तीन, आणि त्यात नपुंसकलिंग आहे. हिंदीभाषक विद्यार्थी इथे अडखळतो, आपला नाही. वर रशियन नामाचं लिंग बहुधा त्याच्या शेवटावरून कळतं. भिंत स्त्रीलिंगी का आणि दगड पुल्लिंगी का, हे मराठी शिकणाऱ्या परक्याला कुणी सांगू शकत नाही. त्या मानाने रशियन फार सरळ आहे.

भूतकाळात तर मुलं हसायला लागतात. 'तो गेला, ती गेली, ते गेलं' याला रशियनमध्ये 'ओन पशोल, अना पश्ला, अनो पश्लो'. तोच लकार आणि तेच लिंगाप्रमाणे बदलणं. पुरुष स्वतःविषयी 'या पशोल' म्हणतो आणि बाई 'या पश्ला', आपल्या 'मी गेलो' आणि 'मी गेले' प्रमाणे. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या असल्या तरी हे दोन 'ल' वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत, असं भाषाशास्त्र सांगतं. त्यामुळे यावरून कुणी शिवकालीन रशियन-मराठी नातं शोधून काढू नये. मोबाइलवर असली संशोधनं पुष्कळ फिरत असतात. पण आठवण ठेवायला योगायोगही चालतो.

क्रियापदाचं पूर्ण-अपूर्ण रूप हा रशियनचा बागुलबुवा मानला जातो. 'चिताल' म्हणजे वाचत होता, 'प्रचिताल' म्हणजे वाचून संपवलं. बहुतेक क्रियापदांची अशी जोडी. पण 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं', 'वाचलं' आणि 'वाचून काढलं' यांतला फरक मराठी मूल शाळेत जाण्याआधी वापरत असतं. एकास एक जुळणी होत नाही, हे खरं. कान मात्र तयार असतो, आणि तोच हवा असतो.

उच्चारांतही थोडी पुंजी आहे. 'चाक' मधला च आणि 'चार' मधला च आपण न सांगता वेगळे म्हणतो. रशियनला हे दोन्ही ध्वनी लागतात आणि त्यांच्यासाठी तिथे दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. वर्गात इतर भाषांची मुलं ज्यावर आठवडा घालवतात ते आपलं एका तासात होतं.

आता मराठी जिथे दगा देते ते. 'त्याने गोष्ट वाचली' असं म्हणताना आपण क्रियापद गोष्टीच्या मागे नेतो. रशियनमध्ये वाचणारा पुरुष असेल तर क्रियापद पुल्लिंगीच, वस्तू कुठल्याही लिंगाची असो: 'ओन प्रचिताल क्नीगु'. पुस्तक तिथे स्त्रीलिंगी आहे म्हणून आपली मुलं हमखास 'प्रचिताला' लिहितात. वर्षानुवर्षं प्रत्येक तुकडीत ही चूक येते. विभक्त्या नावाला सहाच, आपल्या शाळेतल्या आठांपेक्षा कमी, पण आपला 'ला' गाढवाला, गाडीला आणि घराला एकच असतो. रशियन शेवट मात्र लिंग, वचन आणि विभक्ती तिन्ही एका दमात सांगतो, म्हणून तक्ता मोठा होतो. सामान्यरूपाची आणि 'चांगल्या मुलाला' यातल्या विशेषणाच्या बदलाची सवय असल्याने तत्त्व कळायला वेळ लागत नाही. पाठांतराला मात्र दुसरा उपाय नाही. मोजदादीत मराठीचा काहीच उपयोग नाही: एक 'रुब्ल', दोन ते चार 'रुब्ल्या', पाचापासून 'रुब्ल्येइ', आणि एकविसाला पुन्हा 'रुब्ल'.

आघात हा सर्वांत मोठा काटा. मराठीत तो अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला ऐकूच येत नाही. रशियनमध्ये 'ज़ामक' म्हणजे किल्ला आणि 'ज़मोक' म्हणजे कुलूप. दोन्हींची अक्षरं तीच, जोर कुठे द्यायचा एवढाच फरक, आणि छापील मजकुरात तो सहसा दाखवत नाहीत. जिथे जोर नाही तिथला 'ओ' 'अ' सारखा होतो. लिहिलं तसं वाचायची देवनागरीची सवय इथे आड येते. मृदू व्यंजनांचंही तसंच. 'ऊगल' म्हणजे कोपरा, त्याचाच शेवटचा ल मऊ केला की कोळसा. या दोन गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. त्या कानातून येतात, म्हणून प्रत्येक धडा आधी ऐकावा, मग उघडावा.

गतीच्या क्रियापदांना या पुस्तकात तीन धडे दिले आहेत आणि त्यातली वाक्यं मुद्दाम इथल्या रस्त्यांवरची आहेत. पायी जाण्याला एक क्रियापद आणि वाहनाने जाण्याला दुसरं. शिवाय आत्ता एका दिशेने चाललोय की रोज ये-जा करतो, यालाही वेगळं. 'चाललोय' आणि 'जातो' हा भेद आपल्याकडे आहे, पायी आणि वाहनाने हा नाही. चिंचवडहून कंपनीच्या बसने रोज चाकणला जाणारा कामगार 'येझ्झू' म्हणेल. आज बसमध्ये बसून फोनवर बोलत असेल तर 'येदू'. बस चुकली आणि गेटपर्यंत चालत निघाला तर 'इदू'. मॉस्कोच्या काल्पनिक इवानला चौकातून थिएटरकडे पाठवणारी वाक्यं मी वर्षानुवर्षं शिकवली. यापेक्षा ती सरस नव्हती.

लिपीची धास्ती घेऊ नये. ३३ अक्षरं, त्यातल्या दोघांना स्वतःचा आवाज नाही. अडचण अनोळखी अक्षरांची नसून ओळखीच्या चेहऱ्याच्या अक्षरांची आहे. रोमन पी सारखं दिसतं ते 'र', एच सारखं ते 'न', बी सारखं ते 'व'. इंजिनीअरिंगच्या मुलांचे डोळे पहिले पंधरा दिवस फसतात, नंतर सरावतात. हाताने लिहायचं वळण मात्र पहिल्या दिवसापासून रशियन पद्धतीचंच गिरवावं. छापील आणि हाती अक्षरांत तिथे जेवढं अंतर आहे तेवढं आपल्याकडे बाळबोध आणि मोडीत होतं. फळ्यावर शिक्षक हाती अक्षरच लिहितात.

किती शिकायचं, याचं एक माप आहे. रशियनच्या अधिकृत चाचणीत अगदी पहिल्या पातळीला सुमारे ७८० शब्द धरतात, दुसऱ्या पातळीला १३००, आणि तिथल्या विद्यापीठात रशियन माध्यमातून शिकण्याइतक्या पातळीला २३००. हे पुस्तक पहिली पातळी पुरी करतं आणि दुसरीच्या उंबऱ्यावर सोडतं. त्याहून जास्त एका वर्षात देण्याचा दावा करणाऱ्या पुस्तकांकडे संशयाने पाहावं.

इंग्रजीचा वळसा टाळायची कल्पना नवी आहे असंही नाही. तात्याना कातेनिना या रशियन विदुषीचा मराठी व्याकरणाचा आराखडा रशियन भाषेत १९६३ मध्ये मॉस्कोत छापला गेला. इरिना ग्लुश्कोवा या दुसऱ्या विदुषीने वारकरी परंपरेवर संशोधन केलं, म्हणजे आपल्या शेजारच्या देहू-आळंदीच्या वाटेवर. त्यांच्या बाजूने पूल बराच आधी बांधायला घेतला होता. आपल्या बाजूचं काम रेंगाळलं.

पहिला धडा नावांचा आहे, आणि तो सोपा म्हणून पहिला ठेवलेला नाही. रशियन माणसाचं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. आदराने बोलायचं तर आडनाव घेत नाहीत, 'ल्येव निकलायेविच' असं नाव आणि वडिलांचं नाव घेतात. प्राध्यापकांनाही असंच हाक मारायची, सोबत 'तू' नव्हे, 'तुम्ही'. रशियन कादंबऱ्यांतल्या नावांनी युरोपातले वाचक हैराण होतात. बाळ गंगाधर टिळक म्हणणाऱ्यांनी व्हायचं कारण नाही. फरक एवढाच की तिथे मुलगी लग्नानंतरही वडिलांचंच नाव लावते. आन्ना अर्काद्येव्ना कारेनिना झाली, पण अर्कादीची लेक राहिली. आडनावही बाईचं वेगळं होतं, कारेनिनची बायको ती कारेनिना.

तेव्हा पहिल्या तासाला प्रत्येकाने आपलं पूर्ण नाव रशियन वळणाने लिहून आणावं. वडील सुरेश असतील तर मुलगा सुरेशेविच, मुलगी सुरेशेव्ना. विजय असतील तर निकलाय सारखंच, विजयेविच आणि विजयेव्ना. प्रकाशलाही सुरेशचाच नियम. कृष्णा असतील तर निकिताच्या चालीवर कृष्णिच म्हणता येईल. वडील विष्णू किंवा हरी असलेल्यांनी दोन पर्याय लिहून आणावेत, वर्गात मतदान घेऊन एक ठरवू.